दिलीपचा हात

परवा नातवाला पार्कात नेलं, तर रोलर कोस्टर वरच बंद पडला. गणवेशातली पोरं एकेकाला शिस्तीत शिडीवरून उतरवत होती. जळक्या रबराचा वास आला आणि मी थेट तीस वर्षांपूर्वीच्या, आणे पठारावरच्या एका जत्रेत जाऊन पोचलो.

शैलाशी माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. लग्नाआधी एकत्र बसणं बरं दिसत नव्हतं, म्हणून आकाशपाळण्यात तिच्या शेजारी तिचा आतेभाऊ दिलीप बसला. आमच्यात मामाच्या पोरीवर पहिला हक्क भाच्याचा. त्यानं नुसतं 'हो' म्हटलं असतं, तर जन्मभर तोच तिच्या शेजारी बसला असता. मी खाली भेळ धरून उभा.

इंजिनाचा पट्टा धूर सोडत तुटला.

"हातानं फिरवू," पाळणेवाला म्हणाला. "पण एक पाळणा रिकामा केला की मग त्याच्या समोरचा. न्हाईतर वजन एका अंगाला जाईल."

पहिला रिकामा झाला. त्याच्या शेजारच्याच पाळण्यात शैला होती. ती लई भेदरलेली, आणि तिच्या खांद्यावर दिलीपचा हात.

"आधी हिला उतरवा!" म्हणत मीच चाक ओढलं. दोघं उतरली न उतरली तोच रिकामी बाजू वर उसळली आणि चाक गरकन फिरलं. वर किंकाळ्या उठल्या. आठ-दहा जण कडेला लोंबकळलो, माझ्या तळहातांची सालं निघाली, तेव्हा कुठं ते थांबलं.

"येडे का तुमी, राव?" पाळणेवाला माझ्यावर ओरडला.

"माझ्यासाठी यांनी जिवाची पर्वा केली नाही," शैला परवा नातवालाही सांगत होती. त्या जत्रेत वर किंचाळणाऱ्यांत माझी सख्खी बहीण होती, आणि मला दिसत होता तो फक्त दिलीपचा हात.