दादाच्या निबंधाचे दाखले

आमचा दादा हृदयविकारावर संशोधन करतो आणि मी औषधाचं दुकान चालवतो. ओळख करून देताना बाबा दादाबद्दल भरभरून बोलायचे आणि माझ्याबद्दल "हा धाकटा" एवढंच. मला त्याचं काही वाटायचं नाही असं लिहिणार होतो, पण वाटायचं.

दादा तसा साधा माणूस. खिशाला पेनाची शाई लागलेली, दुपारी डब्यात काय होतं ते संध्याकाळी आठवायचं नाही. तो मुळात वाईट नाही, म्हणूनच माझा जास्त जळफळाट होतो. तरुणपणी त्याने हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके ताळ्यावर ठेवणाऱ्या एका गोळीवर शोधनिबंध लिहिला. तपासलेले रुग्ण थोडे, तेही बहुतेक चाळिशीचे. निष्कर्ष मात्र सरसकट सगळ्यांसाठी. निबंध गाजला. डॉक्टर गोळी लिहायला लागले, माझ्याकडेही ती खपायला लागली. बाबांना झटका आला तेव्हा त्यांनाही तीच सुरू झाली. "माझ्या पोराचं औषध," असं म्हणत ते आल्यागेल्याला गोळ्यांचं पाकीट दाखवायचे.

मग दुसऱ्यांनी मोठ्या चाचण्या केल्या. उतारवयात मूत्रपिंडं थकतात तेव्हा हीच गोळी ठोके बिघडवते, माणूस दगावतो, असं एकामागून एक निघालं. आता गंमत बघा. त्या प्रत्येक निबंधात सुरुवातीलाच दादाच्या निबंधाचा दाखला! चूक कुणाची ते सांगायला नाव घ्यावंच लागतं. संशोधक किती मोठा, ते त्याच्या निबंधाचे दाखले इतरांनी किती दिले यावर ठरतं, आणि दाखले मोजणाऱ्या यंत्रणेला कौतुक कळत नाही की टीका कळत नाही. ती नुसती मोजते. लोक दादाला खोडून काढत राहिले आणि दादा मोठा होत गेला. गल्लोगल्लीचे डॉक्टर नवे निबंध वाचत नाहीत, ते दादाचं मोठं नाव बघून तीच गोळी लिहीत राहिले.

दादाने तो निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहायला घेतलं होतं, की माझा निष्कर्ष म्हाताऱ्यांना लागू नाही. त्याच्या संस्थेच्या संचालकांनी त्याला खोलीत बोलावून घेतलं.

"डॉक्टर, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय? या दाखल्यांवर आपला अख्खा विभाग उभा आहे."

हे मला सांगताना दादा कपाळ चोळत होता. पत्र तिथेच राहिलं.

बाबांची गोळी मात्र त्याने बंद केली. "बाबा, तुम्हाला आता गरज नाही," एवढंच म्हणाला. कारण सांगायचं तर "माझं चुकलं" असं त्याला म्हणावं लागलं असतं, तेही बाबांसमोर.

"दादा, खरं काय ते सांगून टाक त्यांना," मी म्हटलं.

"किती अभिमान आहे रे त्यांना त्या निबंधाचा. या वयात कशाला मन मोडायचं?"

शेवटी मीच बाबांना सांगायला गेलो. ते हसले. "तू औषधं विक. संशोधन त्याला कळतं."

पुढे संस्थेने सर्वांत जास्त दाखल्यांसाठी दादाचा सत्कार ठेवला. बाबा नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. दाखले कसले, हे विचारायची एकालाही बुद्धी झाली नाही. परत येताना बाबा मला म्हणाले, "जगभरचे डॉक्टर त्याच्या गोळीचं नाव घेतात. मग मलाच का नको? पोरगं भिडस्त आहे. स्वतःचं औषध बापाला द्यायला लाजतं." मी पुन्हा बजावलं. त्यांनी मान हलवली आणि मला वाटलं, पटलं.

डॉक्टरांची जुनी चिठ्ठी घेऊन ते माझ्या दुकानासमोरच्या दुसऱ्या औषधाच्या दुकानातून ती गोळी आणायला लागले. उशीखाली पाकीट सापडलं तेव्हा आम्हाला कळलं. तोवर ते अतिदक्षता विभागात होते, ठोके सैरभैर झालेले. दुसऱ्या दिवशी गेले.

रुग्णालयाच्या जिन्यात दादा ओक्साबोक्शी रडत होता. मला त्याची दया आली, तरी मी बोललोच.

"आता तरी ते पत्र पाठव."

त्याने डोळे पुसले. "आता पाठवलं तर लोक म्हणतील, स्वतःचा बाप गेला तेव्हा याला जाग आली."

"म्हणू देत की! खोटं आहे का ते?"

"थोडे दिवस जाऊ देत," दादा म्हणाला.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. बाबांच्या वयाची माणसं अजूनही त्या गोळीची चिठ्ठी घेऊन माझ्या काउंटरवर येतात.