सासूबाई पडल्या तेव्हा

माझ्या कमरेतल्या गादीचं ऑपरेशन होऊन आठवडाच झाला होता. नवरा पवईला ऑफिसात गेला होता. मुलुंडच्या घरात मी आणि माझ्या मदतीसाठी मालवणहून आलेल्या सासूबाई, दोघीच. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं.

दुपारी स्वयंपाकघरातून धप्पकन आवाज आला. मी कुशीवर वळून कशीबशी उठले आणि भिंत धरत तिथवर गेले. सासूबाई ओल्या लादीवर पडल्या होत्या. माझा हात आपोआप खाली गेला.

"माका हात लावू नको!" त्या ओरडल्या. "वाकलंस तर बघ!"

"आई, पाय हलतोय का?"

त्यांनी डोळे मिटून घेतले. मी नुसती ताठ उभी. तशीच दारापर्यंत गेले आणि शेजारच्या वहिनींना जीव तोडून हाका मारल्या. त्या धावत आल्या, त्यांनी सासूबाईंना काखेत धरून उठवलं आणि खुर्चीवर बसवलं. मनगट सुजलं होतं, बाकी धडधाकट होत्या.

संध्याकाळी नवरा आला तेव्हा आम्ही दोघी शेजारीशेजारी आडव्या होतो. त्याला बघून मला रडू फुटलं.