कंपनीच्या बियाण्याची एक मूठ

पोतं दाराबाहेर जाण्याआधी त्यातली एक मूठ घरात काढून ठेवायची, ही आमची रीत. ज्वारी असो, तूर असो. शाळा मी लवकर सोडली, रीत सोडली नाही. कंपनीच्या करारात मात्र नेमकं उलटं होतं. शेतकऱ्यानं एक दाणाही ठेवायचा नाही.

करमाडजवळच्या आमच्या रानात सुनेनं शेडनेट उभारलं आणि कंपनीसाठी मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला. काम नाजूक. मादी झाडाची कळी उमलायच्या आधी चिमट्यानं सोलायची, नराच्या फुलाची पूड तिला लावायची आणि ओळखू यावी म्हणून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. सकाळी गावातल्या बाया आत शिरल्या की बाहेर नुसता गलका ऐकू यायचा.

"झाडांची लग्नं लावता व्हय गं?" मी बाहेरून विचारायचो.

"व्हय आबा! अक्षता टाका, पण तिथूनच. आत आलात तर कळ्या तुडवताल."

बी काढलं, सावलीत वाळवलं, मूठ ठेवली आणि पोती दिली. कंपनी बी आमच्याकडून थेट नेत नाही, मध्ये ऑर्गनायझर असतो. वाण तोच आणतो, माल तोच नेतो, कंपनीचा निरोपही त्याच्याच तोंडून. साहेब कसा दिसतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या उन्हाळ्यात निरोप आला, लॉट फेल, बी उगवत नाही.

"तपासलं कुणी?" मी ऑर्गनायझरला विचारलं.

"कंपनीच्या लॅबनं, आबा."

"तवा आमच्यातलं कोण होतं तिथं?"

"लॅब म्हंजे काय पंगत हाय व्हय, बोलावणं धाडायला?"

सुनेचा सगळा हंगाम त्या पोत्यांत होता. मी घरी आलो, मुठीतलं थोडं बी ओल्या गोणपाटात गुंडाळलं आणि वाट पाहिली. काही दिवसांनी उलगडलं तर पांढरे कोंब!

मला वाटलं, सून खूश होईल. तिचा चेहरा उतरला.

"मामा, हे दाखवलं तर बी चोरलं म्हणतील. आपला एकट्याचा नाय, समद्या गावाचा प्लॉट बंद करतील."

"माझ्या रानात पिकलं न् मी चोर?"

"करार मी केलाय मामा, तुम्ही नाय."

तरी मी एकटाच कंपनीत जायला निघालो होतो, तिनं अडवलं. आधी बाकीच्या प्लॉटवाल्यांना विचारू, म्हणाली. विचारलं. एकानं सुनावलंच, "आबा, तुमच्या हट्टापायी आमचं जायचं!" पण उद्या आपला लॉट असाच गेला तर, हे ज्याच्या त्याच्या मनात होतं. शेवटी ठरलं, सगळ्यांनी जायचं, ऑर्गनायझरलाही न्यायचं, बोलायचं सुनेनं. मी नुसतं बसायचं. बसलो. लई जड गेलं.

साहेब तरणा होता. कोंब पाहून आधी कपाळाला आठ्या. "बी ठेवायचं नसतं, माहीत आहे ना?"

"माहीत हाय साहेब," सून म्हणाली. "काय शिक्षा द्यायची ती द्या. पण हे उगवलं कसं, ते बी सांगा."

साहेबानं कोंब बोटानं उलटवून पाहिले. मग त्यानं विचारलं, "आमच्याकडं येण्याआधी माल होता कुठं?"

सगळ्यांनी ऑर्गनायझरकडं पाहिलं. त्याच्या गोदामावर पत्रा, आणि पोती ऐन उन्हाळ्यात त्याखाली पडून होती.

"गाडी तुम्ही धाडली नाय साहेब," तो चिडून म्हणाला. "पोती काय डोक्यावर आणू?"

साहेबानं पोत्यातलं बी आणि आमच्याकडचं उरलेलं बी शेजारी शेजारी उगवायला घातलं, आमच्यासमोर. काही दिवसांनी पाहिलं तर पोत्यातलं भाजून मेलं होतं, आमचं जिवंत. लॅब खोटं बोलली नव्हती आणि आम्हीही नाही. साहेबानं वर शब्द टाकला. सगळा नाही, पण बराचसा मोबदला सुनेला मिळाला, आणि गावाचे प्लॉट चालू राहिले.

आता पोती हलायच्या आधीच, ज्याच्या त्याच्या अंगणात नमुना काढतात. तीन पुड्या, तिन्हींना सील. एक कंपनीची, एक ऑर्गनायझरची, एक शेतकऱ्याच्या घरात. ऑर्गनायझर आधी कुरकुरला, पण आता गाडी आल्याशिवाय पोत्याला हात लावत नाही.

यंदा आमच्या शेजाऱ्याचा लॉट फेल झाला. तिन्ही पुड्यांतलं बी उगवलं नाही. त्यानं ते पत्र्यावर उन्हात वाळवलं होतं. आधीसारखं असतं तर कंपनीच्या नावानं गाव डोक्यावर घेतलं असतं. यंदा शांतपणे आमच्या दारात आला आणि बी वाळवायचं कसं, ते सुनेला विचारत बसला. मी तिथंच बाजेवर होतो. मला विचारलं नाही, हे जरा लागलं. पण ती सांगत होती ते बरोबर होतं, म्हणून मधे बोललो नाही.