सिल्व्हर मूनचं आजोळ

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घराण्यात आजवर कुणी सहीपेक्षा लांब मजकूर लिहिलेला नाही. मी कॉलेजात आल्यावर जे लिहिलं ते बहुतेक उत्तरपत्रिकांत, आणि ते वाचून कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. तेव्हा एखाद्या माणसाचं चित्र शब्दांत काढायला बसणं हा माझा आगाऊपणाच आहे. पण मंडळवाल्या काकांवर दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. आणि घोड्याला 'अहो' व घोड्याच्या मालकाला 'अरे' म्हणणारा माणूस साऱ्या जगात हा एकच, याबद्दल माझी खात्री आहे.

काका पेठेत वधू-वर सूचक मंडळ चालवायचे. मी यवतमाळकडच्या खेड्यातून पुण्यात शिकायला आलो आणि सकाळचं कॉलेज आटोपलं की दुपारी त्यांच्याकडे स्थळांची माहिती संगणकावर चढवायला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मी मार्कशीट पुढे केली, तर त्यांनी ती चहाच्या कपाखाली ठेवली. "हे राहू दे. आईचे वडील काय करायचे?" मी म्हटलं, "शेळ्या राखायचे." "आणि आईची आई?" "तीही." "म्हणजे चालणारी माणसं. शिक्षणात कोण?" "कुणीच नाही," म्हणत मी मान खाली घातली. काका म्हणाले, "म्हणजे कोरं आहे. कोरं म्हणजे वाईट नव्हे. माहिती नाही, एवढंच." हे ऐकून मला इतकं भरून आलं की त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं. पुढे कळलं की हेच वाक्य त्यांनी पूर्वी एका खेचराबद्दलही उच्चारलं होतं.

काकांनी शेकडो लग्नं जुळवली, स्वतः मात्र केलं नाही. तसंच घोड्यांचं. संध्याकाळ घोड्यांच्या विचारात जायची, पण बसले कधी नाहीत. घोड्यापासून हातभर अंतरावर जाणंसुद्धा ते टाळायचे. रेलिंगच्या अलीकडे उभं राहून मोठ्यानं बोलायचे. लष्कर भागातल्या रेसकोर्सवर जायचे, पण पैसे लावायचे नाहीत. "ते म्हणजे लग्नाला नुसतं जेवायला जाणं," असं त्यांचं मत होतं. त्यांचा जीव अडकलेला असायचा तो शर्यतीतून निवृत्त होणाऱ्या घोड्यांत. शर्यतीचा जातिवंत घोडा, थरोब्रेड म्हणतात तो, ऐन तारुण्यात घरी बसतो. त्यातला कोणता पुढे अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या खेळात नाव काढेल हे वंशावळीवरून सांगता येतं, असा काकांचा सिद्धांत होता. शर्यतवाले बाप बघतात. काका आजोळ बघायचे. "वेग बापाकडून येतो, उडी आजोळाकडून," असं ते भिंतीला ऐकवल्यासारखं म्हणायचे. आजी लांब पल्ल्याची हवी, आजोबा डोक्यानं थंड हवेत, मावशांचे पाय म्हातारपणापर्यंत शाबूत हवेत. हरणारा घोडा तर त्यांना विशेष प्रिय. "इतक्या शर्यती हरूनही पाय धड आहेत. म्हणजे स्वभावात घाई नाही. संसाराला असाच लागतो." आणि घोड्यांचे बायोडेटा त्यांना माणसांपेक्षा प्रामाणिक वाटायचे, कारण त्यात उंची वाढवून लिहीत नाहीत.

या वंशावळी इंटरनेटवरून शोधून काढायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेक इंग्रजी नाव अडखळत वाचायचो आणि काका डोळे मिटून "हं, हं" करायचे. मला माझ्या पणजोबांचं नाव विचारलं तर फोन करून वडिलांना विचारावं लागेल, आणि त्यांनाही आठवेलच असं नाही. पण आयर्लंडातल्या कुठल्या घोडीच्या पणजीला किती मुली झाल्या, हे मी झोपेतही सांगू शकत होतो. वर्गात मात्र बॅलन्सशीट जुळायची नाही.

धायरीच्या पुढे टेकडीखाली एक बाई घोडेस्वारीची छोटी शाळा चालवतात. एके काळी त्या स्वतः स्पर्धांत उड्या मारायच्या; आता काठी घेऊन चालतात आणि काठीनंच बोलतात. काकांच्या शब्दावर त्यांनी आधी दोन घोडे घेतले होते. एकाचं आजोळ इतकं थोर की अडथळा दिसला की तो वाळूत आडवाच व्हायचा. दुसरा उडी मारायचा, पण फक्त छत्री दिसल्यावर, आणि मागच्या दिशेनं. बाई एकदा म्हणाल्या, "काका, तुम्ही जुळवलेली लग्नं तरी टिकतात का हो?" काका शांतपणे म्हणाले, "टिकतात. तिथं उडी मारायची नसते."

तरीही तिसऱ्यांदा बाईंनी ऐकलं. "हा शेवटचा," त्या म्हणाल्या. "हाही बसला, तर यापुढे तुम्ही इथं फक्त चहाला यायचं." आलेली घोडी होती सिल्व्हर मून. शर्यतीत कायम शेवटून पहिली. बाईंनी नाकारली तर टेम्पो तिला तसाच वरातीच्या घोड्या पुरवणाऱ्याकडे नेणार होता. बँडच्या कल्लोळात ही थरथरणारी घोडी काय करेल, हे मलासुद्धा कळत होतं. मी वंशावळ छापून आणली होती. आजी लांब पल्ल्याची, मामा उड्या मारणारे, मावशा सगळ्या सुशील. वाचून होताच काकांनी कागद माझ्या हातून घेऊन कपाळाला लावला. "असं आजोळ मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही," ते म्हणाले. घोडी उतरवली गेली. मग बाईंनी चष्मा लावून कागद हातात घेतला.

"काका, हिचं जन्मसाल वाचलंत?"

"वयाला मी महत्त्व देत नाही."

"तरी बघा. या हिशेबानं ही घोडी माझ्या लग्नाच्या आधीची आहे."

मी घाईघाईनं फोनवर पुन्हा शोधलं. सिल्व्हर मून नावाच्या घोड्या दोन निघाल्या. नावापुढे कंसात देश लिहिलेला असतो. मी ते इतके दिवस शोभेचं समजत होतो. छापून आणलेली घोडी परदेशातली होती आणि बहुधा केव्हाच वारली होती. आमच्या घोडीचं आजोळ वरपासून खालपर्यंत कमी पल्ल्याचं आणि तापट निघालं. एक आजोबा तर जॉकीला चावल्याबद्दल प्रसिद्ध होते. मी वाचत गेलो तसा काकांचा चेहरा उतरत गेला. "दुसऱ्याच मुलीची पत्रिका जुळवली रे आपण," ते म्हणाले. चूक माझी एकट्याची होती, आणि ते 'आपण' म्हणाले.

टेम्पोवाला ओरडला, "म्याडम, घोडी ठिवायची का न्यायची? टायम झालाय."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका वाकले आणि रेलिंगखालून आत गेले. मी त्यांना कधी असं पाहिलं नव्हतं. टोपी हातात, एकेक पाऊल मोजून टाकत. घोडीसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, आपल्याला उडी येते का?" घोडीनं मान खाली घालून त्यांचा सदरा हुंगला, आणि त्यांच्या तोंडावर जोरात शिंकली. काकांनी सावकाश चष्मा पुसला.

"ठेवा," ते म्हणाले.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"कशावरूनच नाही."

बाईंनी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. सिल्व्हर मूननं त्या मुदतीत काकांची अब्रू ठेवली नाही. जमिनीवर पडलेला बांबूसुद्धा ती वळसा घालून ओलांडायची. काका दर रविवारी दोन बस बदलून जायचे, आता रेलिंगच्या आत उभे राहायचे, "मूनबाई, सावकाश" म्हणायचे. दरम्यान लोक फोनवरच लग्नं जुळवू लागले होते. मंडळाकडे फक्त छत्र्या विसरून जाणारे पालक उरले. शेवटी काकांनी पाटी उतरवली आणि ते बेंगळुरूला पुतण्याकडे राहायला गेले. जाताना मला म्हणाले, "दिवाळीनंतर घोडीचं काय झालं ते कळवू नकोस." मी हो म्हटलं.

दिवाळीच्या तोंडावर बाईंचा फोन आला. सकाळी घोडी तिच्या जागेवर नव्हती. फाटक बंद, कुंपण शाबूत, आणि घोडी पलीकडे शेजाऱ्याच्या लसूणघासात उभी राहून चरत होती. तिथं पोचायला दुसरा रस्ताच नाही. बाई दोनदा काठी टेकत कुंपणाभोवती फिरून आल्या होत्या.

काका फोन उचलत नव्हते. तीन दिवसांनी लागला. मी हॉस्टेलच्या जिन्यात ओरडलो, "काका, मून उडाली!"

"कुठं?"

"कुंपणावरून. घास खायला."

"कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही."

"पाय?"

"धड आहेत."

तिकडून कुणा भाजीवाल्याची कानडी आरोळी ऐकू येत होती. मग त्यांनी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"ठेवते म्हणाल्या. पण कुंपण उंच करून घेणार आहेत."

"करू देत," काका म्हणाले. आणि जरा थांबून, अगदी हळू आवाजात, "करू देत की."