थेंबही न गळणारं वृंदावन

एम.टेक. झाल्यावर मी स्वतःच्या डोक्याने एकच बांधकाम केलं, आणि त्यात एक जीव गेला. (माणसाचा नव्हे. पण दुखवटा माणसाचाच पाळला गेला!)

सिव्हिल इंजिनीअरिंगच्या त्या दोन वर्षांत माझ्या प्रबंधाचा विषय होता, पाणी न झिरपणारं काँक्रीट. रत्नागिरीला, मांडवीच्या घरी परतले ती पाणी कुठे अडवता येईल ते बघतच. अंगणात आईचं जांभ्याचं तुळशी वृंदावन होतं. जरा कललेलं, शेवाळलेलं, आणि आईने तांब्या ओतला की खालून ओघळ सोडणारं.

"आई, हे गळतंय!"

"गळू दे गो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून गळतंय."

"मी नवीन बांधते. पक्कं!"

"नि माझी तुळस?" आईचा जीव तिच्यात होता. बुरोंडीच्या माहेराहून तिने आणलेलं रोप. पुढे त्याच्याच मंजिऱ्या पडून तिथेच नवी रोपं उगवत आली होती.

"तुळस जाते कुठे? मी शिकलेय ना!"

आईने मान डोलावली. एवढा विश्वास तिने डॉक्टरांवरही कधी ठेवला नव्हता.

मग मी कामाला लागले. सळ्या आल्या, सिमेंटात रसायन पडलं, आतून जलरोधक लेपाचे दोन हात बसले, भोवतीच्या मातीवर कोबा झाला. बाबांनी चष्मा पुसून विचारलं, "तुळशीसाठी बांधत्येस की धरण?" मला ती स्तुती वाटली! नव्या मातीत आईने तुळस लावली आणि वर हळदीकुंकू वाहिलं.

आषाढात पावसाने चार दिवस झोडपलं. पाचव्या सकाळी आईची हाक आली, "अगो सुमे, तुळशीत बेडूक पोहतोय!"

धावत गेले. वृंदावन काठोकाठ भरलेलं. आणि खाली? खाली एक थेंब नाही! सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला आनंद झाला. मग पिवळी पडलेली पानं दिसली.

"पाणी जायला भोक कुठं ठेवलंस?" आईने विचारलं.

दोन वर्षं मला भोक म्हणजे नापास एवढंच ठाऊक होतं!

छत्री मानेत अडकवून मी तांब्याने पाणी उपसू लागले; आभाळ माझ्या दुप्पट वेगाने भरत होतं. ड्रिल लावलं, तर सळीवर आपटून पातं मोडलं. बाबांनी घण घातला. टवकाही उडाला नाही. घणाचा दांडा मात्र तुटून शेजारच्या काकूंच्या पडवीत गेला.

"पोरीनं काम चोख केलंन हो!" बाबा हात चोळत म्हणाले.

पाऊस ओसरला तेव्हा तुळस काळी पडली होती. हलक्या हाताने उचलली, तर मुळं मातीतच राहिली.

"मंजिऱ्या ठेवल्यायस ना?" मी विचारलं.

"कशाला ठेवू? खाली पडायच्या नि रुजायच्या."

दोघींनी खाली पाहिलं. खाली माझा गुळगुळीत कोबा!

आई रागावली नाही, हेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ती सवयीने तांब्या घेऊन बाहेर आली, वृंदावनापाशी थबकली आणि ते पाणी जास्वंदीला घालून आत गेली. मी खिडकीतून बघत होते. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

आता रोपवाटिकेतून आणलेली तुळस रंगाच्या जुन्या बादलीत आहे. तिच्या बुडाला तापल्या खिळ्याने मी इतकी भोकं पाडलीत की पाण्यापाठोपाठ मातीही जाते! तुळशीचं लग्न बादलीशेजारीच लागतं. वृंदावन तुटत नाही, म्हणून बाबांनी त्यात मासे सोडलेत.

परवा पाहुणे आले. "टाकी छान आहे हो," म्हणाले.

"टाकी नव्हे, तुळशी वृंदावन," आई शांतपणे म्हणाली. "आमच्या सुमीनं बांधलंन. तुळस नाय राहिली, पण पाण्याचा अजून थेंब गळलेला नाय!"