दसरा, स्वस्तिक आणि माझी जर्मन गाडी

सेकंडहँड जर्मन लक्झरी गाडी घेऊ नकोस, असं मला इथे अमेरिकेत, आमच्या बॉथेल गावातल्या झाडून सगळ्या ओळखीच्यांनी सांगितलं होतं. सगळ्यांनी सांगितलं म्हणूनच मी ती घेतली. नऊ वर्षं जुनी, काळी, आणि आतल्या चामड्याचा असा वास की माणूस उगाचच ताठ बसतो.

पहिल्याच महिन्यात ती ऑइल गाळायला लागली. मग माझ्या बाजूची काच दाराच्या आत पडली, ती वर आलीच नाही. या गाड्यांना स्प्रिंगांच्या जागी हवेच्या पिशव्या असतात. त्यातली एक फुटकी निघाली, त्यामुळे रोज सकाळी गाडी एका कुशीवर बसलेल्या म्हशीसारखी दिसायची. ती आराम करतेय, असं मी शेजाऱ्यांना सांगायचो.

शेवटी बायकोने तह केला. "यापुढे डॅशबोर्डवर एक जरी वॉर्निंग लाइट लागला, तर ही विकायची आणि साधी व्हॅन घ्यायची. डील?"

मी डील म्हणालो. त्या गाडीवर माझा खरोखर जीव होता, त्यामुळे त्या दिवसापासून मी रस्त्यापेक्षा डॅशबोर्डकडेच जास्त बघायचो. बायको मात्र निवांत मॅन्युअल वाचत बसायची. कुठल्याही वस्तूचं मॅन्युअल वाचणारी आमच्या घरात ती एकटीच.

दोन महिने एकही लाइट लागला नाही. मग दसरा आला. माझी आई तेव्हा पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. तिचे गुडघे दुखायचे, आणि या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, असं ती रोज म्हणायची. तरी पूजा करायची म्हणाली, याचं मला कौतुक वाटलं.

बायको तबक धरून उभी राहिली. "आई, कुंकू तेलात कालवू या. इथला पाऊस दोन मिनिटांत धुऊन नेईल," ती म्हणाली. "आणि स्वस्तिक बॉनेटवर नको. पुढे जाळीवर ते कंपनीचं चिन्ह आहे ना, त्यावर काढा. चांगलं जाड काढा." आईने जाड काढलं. वर झेंडूचा हार घातला. मी भारावून फोटो काढले.

मग आम्ही मित्रांकडे सोनं द्यायला निघालो. फ्रीवेवर चढलो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पुढचा सेन्सर बंद.

"लागला," बायको म्हणाली. मागे आई खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिककडे गेलो. त्याने फडक्याने ते चिन्ह पुसलं, आणि दिवा गेला. सेन्सर त्या चिन्हाच्या मागेच असतो, गाडीला काही झालेलं नाही, असं तो म्हणाला. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच निर्दोष सुटली होती. मी गाणं म्हणत घरी आलो.

दारातच ऐकलं, आई मावशीला फोनवर सांगत होती, "इथेसुद्धा गाडीची पूजा केली गं. छान झाली." मी तिथेच थबकलो. गाडी वाचवायची तर आईच्या स्वस्तिकावर खापर फोडावं लागणार होतं. आपण मुलाची गाडी बिघडवली, हे ती जन्मभर मनाला लावून घेईल, असं मला वाटलं. मी बायकोला सेन्सर गेलाय असं सांगून टाकलं. "जाऊ दे यार," म्हणत बायकोने पाठीवरून हात फिरवला.

गिऱ्हाईक मिळालं. गाडी द्यायच्या आधी मी पुढचा कप्पा रिकामा करायला घेतला आणि मॅन्युअल हातात आलं. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. चिन्हावर काही लावू नये, सेन्सर बंद पडतो, असं तिथे स्पष्ट छापलं होतं. त्या ओळीखाली तेलकट कुंकवाचा अंगठा उमटला होता.

मी ते पान उघडं धरून आत गेलो. दोघी चहा पीत होत्या. मी मॅन्युअल बायकोसमोर ठेवलं. ती कपात बघत राहिली.

आईने चष्मा लावला, ठसा नीट निरखला आणि पान उलटलं.

"तो तिचा," ती म्हणाली. "माझा हा बघ, इकडे."