पास, अल्टर, रिजेक्ट

चेकर काकू माणसाच्या चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी बघायच्या. आधी शर्टाची खालची पट्टी, मग बाहीची जोड, मग बटणं, आणि हे सगळं ठीक निघालं तरच वर बघून "काय, कसे आहात?" तुळिंजच्या आमच्या सोसायटीत त्या जिन्यावर समोरून आल्या की भलेभले गृहस्थ शर्ट आत खोचून घ्यायचे. तिसऱ्या मजल्यावरचे बँकेतले साहेब तर त्यांना बघून चक्क पुन्हा वर जायचे, काहीतरी विसरल्यासारखं करून.

त्यांचं आडनाव सावंत. पण ते फक्त लाइटबिलावर असायचं. वालीवच्या एका कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं चेकिंगचं काम केलं, म्हणून त्या चेकर काकू. तयार झालेला प्रत्येक कपडा त्यांच्या टेबलावरून जायचा. एका हाताने पीस उलटा करायचा, दुसऱ्या हाताने शिवण ताणायची, अंगठ्याने धागे चाचपायचे आणि तीन ढिगांपैकी एकात टाकायचा. पास, अल्टर, रिजेक्ट. अल्टर म्हणजे दुरुस्त करता येईल असा. कारखाना सुटला, पण हात काही सुटला नाही. भाजीच्या गाडीवर त्या टोमॅटोचेसुद्धा तीन ढीग करायच्या आणि भाजीवाला हताश होऊन बघत उभा राहायचा.

मी कॉलेजात जायला लागले तेव्हापासून आईने माझ्या कपड्यांची खरेदी काकूंवर सोपवली. तुळिंज रोडवरच्या दुकानदारांना आम्ही दोघी लांबून दिसलो तरी कळायचं. काकू टी-शर्ट हातात घ्यायच्या तो उलटा करूनच. "वरून कीर्तन, आतून तमाशा," असं पुटपुटत त्या आतली शिलाई बघायच्या. मग दोन्ही हातांनी शिवण ताणायची. टाक्यांच्या मधून फट दिसली की जाहीर करायच्या, "शिवण दात दाखवते." मग कापड मुठीत आवळून दहा आकडे मोजायचे, सोडायचं आणि चुण्या किती राहिल्या ते बघायचं. मग ओल्या रुमालाने एक कोपरा चोळायचा. रुमालाला रंग लागला तर तो रुमाल त्या दुकानदाराच्या नाकासमोर धरायच्या.

एकदा एक नवीन दुकानदार कंटाळून म्हणाला, "आंटी, पहनने के लिए ले रहे हो या पोस्टमार्टम करने के लिए?"

"भैया, पहले ये बताओ, साइड की सिलाई आगे क्यूं आ रही है?" काकूंनी टी-शर्ट काउंटरवर पसरला. "कापड तिरकं कापलंय तुझ्या मालकाने. दोन धुण्यात ही शिवण बेंबीवर येणार. मग पोरगी काय तिरकी चालणार का?"

दुकानदाराला मराठी फारसं येत नसावं, पण त्याला सगळं समजलं. त्याने आतून दुसरा गठ्ठा काढला.

काकूंकडे कपड्याची किंमत रुपयांत नसायचीच, धुण्यांत असायची. "किती धुण्यांचा?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दीडशेचा टी-शर्ट तीन धुण्यांत पोतेरं झाला, तर एक धुणं पन्नासला पडलं. चारशेचा चाळीस धुणी टिकला, तर दहाला. "आता सांग, महाग कुठला?" असं विचारून त्या माझ्याकडे अशा बघायच्या की जणू दीडशेचा टी-शर्ट मीच शिवलाय. पण महाग म्हणजे चांगलं, हेही त्यांना मान्य नव्हतं. मॉलमधला हजाराचा शर्ट बघून त्या म्हणाल्या होत्या, "ह्यातले सहाशे त्या एसीचे आहेत. एसी काय घरी घेऊन जायचाय?"

हा धुण्यांचा हिशेब पुढे कुठेही लागायचा. नवीन मिक्सर, नवीन मोलकरीण, नवीन सेक्रेटरी, सगळ्यांना "बघू किती धुण्यांचा" हेच. सेक्रेटरी दोन धुण्यांचा निघाला.

काकूंचे यजमान म्हणजे आमचे काका, हा अत्यंत निरुपद्रवी माणूस. बावन्नाव्या वर्षी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या बुद्धीने एक टी-शर्ट घेतला. गाडीवर टांगलेला, केशरी, छातीवर वाघ. घरी आणायची हिंमत नव्हती म्हणून त्यांनी तो आमच्याकडे ठेवला. रोज सकाळी फिरायला निघाले की आमच्या बाथरूममध्ये जायचे, वाघ चढवायचे आणि परत येताना उतरवून ठेवायचे. आई तो धुवायची. सहाव्या धुण्याला वाघाचं मांजर झालं. काकूंनी तो आमच्या दोरीवर बघितला आणि आईला म्हणाल्या, "कुणाचा गं हा? त्याला म्हणावं, फसलास." काका तिथेच चहा पीत होते. त्यांना ठसका लागला तो पाच मिनिटं थांबेना.

मला बघायला नीलेशकडची मंडळी आली, तेव्हा काकू मुद्दाम पोह्यांच्या वेळेला आल्या. नीलेश चौकटीचा शर्ट घालून बसला होता. काकूंनी त्याच्या हातात डिश दिली, देता देता वाकून खिसा बघितला आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाल्या, "खिशाच्या चौकटी शर्टाच्या चौकटींशी जुळल्यात. पोरगा नीट बघून घेणारा आहे."

"शर्ट मला आईने आणलाय," असं तो बाहेर कुणालातरी सांगत होता.

"मग सासू बरी आहे," काकू म्हणाल्या. "हो म्हण."

मी हो म्हटलं. सासू खरंच बरी निघाली. लग्नानंतर आम्ही शेजारच्याच विंगमध्ये भाड्याने राहायला आलो. मुलगी झाली, तिच्यासाठी मी अंधेरीची नोकरी सोडली, आणि दोन वर्षं घरात बसून मला स्वतःचीच चीड यायला लागली. तेव्हा मी कुर्त्यांचा व्यवसाय करायचं ठरवलं. वालीवला एक छोटा कारखाना बंद होत होता आणि त्यांचा उरलेला माल स्वस्तात निघाला होता. एकशेचाळीस कुर्त्या, रोज घालायच्या, सुती. बोलणी करतानाच त्या माणसाने सांगितलं, लॉटचा माल आहे, एकदा उचलला की परत नाही. माझी होती नव्हती ती सगळी शिल्लक मी त्यात घातली. बाबा ऐकून एवढंच म्हणाले, "कपड्यातलं तुला काय कळतं?" ते वाक्य मला इतकं झोंबलं की मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. हा माल विकून दाखवायचाच, असं मी मनाशी घेतलं.

आता कुणीही शहाणा माणूस विचारेल की शेजारीच चेकर काकू असताना मी त्यांना न विचारता एकशेचाळीस कुर्त्या उचलल्याच कशा? उत्तर सोपं आहे. मी त्यांना घाबरले. त्या बघतील, नको म्हणतील आणि मग माझं धाडस संपेल, असं वाटलं. म्हणून मी गुपचूप माल घरी आणला, तीन चांगल्या कुर्त्यांचे फोटो काढले आणि सोसायटीच्या बायकांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकले. दहा मिनिटांत सात उत्तरं आली. सातही एकच होती. "काकूंनी बघितल्यात का?"

झालं. गेले त्यांच्याकडे. काकूंनी फक्त चष्मा घेतला आणि त्या माझ्या घरी आल्या. दोन दिवस त्या जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. तीन ढीग वाढत होते, आणि अल्टरच्या ढिगापुढे पासचा ढीग बुटका दिसत होता. ऐंशीच्या वर अल्टर निघाल्या. कुठे खिसा अर्धा इंच खाली, कुठे बाही आखूड, कुठे पाठीवर मशीनच्या तेलाचा ठिपका.

"काकू, थोडी डोळेझाक करा ना," मी शेवटी म्हणाले. "साध्या घरी घालायच्या तर कुर्त्या आहेत."

"घरी घालायच्या म्हणूनच गं! लग्नाचा शालू वर्षात दोनदा नेसतात. त्यात खोट असली तरी कोण बघतं, सगळे जेवणाकडे बघतात. हे रोज अंगावर असतं. ह्यातच बाई स्वयंपाक करणार, ह्यातच पोराला शाळेत सोडणार. हे आधी नीट पाहिजे."

"तुमचा कारखाना सुटला काकू, पण तुम्ही चेकरच राहिलात. माणसाचं काय होतं ते तुम्हाला दिसतच नाही."

हे बोलून मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द गेला होता. काकूंनी हातातली कुर्ती घडी करून ठेवली, चष्मा डबीत घातला आणि निघून गेल्या. त्यानंतर चार दिवस मला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. काकू दारात. "रविवारी पार्किंगमध्ये दोन टेबलं लाव. आणि माझ्यासाठी एक खुर्ची. विकू आपण."

"पण अल्टर?"

"अल्टर, अल्टर म्हणूनच विकायच्या. खोट सांगायची आणि खोटेचे पैसे कमी करायचे. लोकांना खोट चालते गं. लपवलेली चालत नाही."

त्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. काकू खुर्चीवर बसल्या. एकेक कुर्ती उचलायची, उंच धरायची आणि लिलावासारखं ओरडायचं. "निळी, कापड पास, रंग पास. डावा खिसा अर्धा इंच खाली. शंभर कमी!" पहिली पाच मिनिटं कुणी हललं नाही. मग जोशीआजी काठी टेकत पुढे आल्या. "बाही आखूड असलेली आहे का एखादी? उजवी पाहिजे. भांडी घासताना माझी उजवी बाही भिजते."

"आहे!" काकूंनी ढिगातून बरोबर काढली.

मग जी झुंबड उडाली! बायका स्वतःला सोयीची खोट शोधायला लागल्या. "खिसा खाली असलेली मला. मोबाइल मोठा आहे माझा." "पाठीवर ठिपका? पाठ माझी मला कुठे दिसते?"

"तुला नाही, तुझ्या जावेला दिसेल," काकू म्हणाल्या.

"मग तर द्याच!"

गंमत म्हणजे पासच्या कुर्त्या मागे पडल्या. त्यांच्यात काहीच कसं नाही, म्हणून बायका त्यांच्याकडे संशयाने बघत होत्या. दुपारी तीनपर्यंत सगळा माल संपला. बाबा वरून गॅलरीतून बघत होते. संध्याकाळी ते खाली आले आणि गपचूप टेबलं उचलू लागले.

उरल्या होत्या त्या रिजेक्टच्या नऊ. कुणाचा गळा वाकडा कापलेला, कुणाची एक बाही दुसरीपेक्षा चांगली दोन इंच लांब, आणि दोन-तीन अशा, की पुढचा भाग कापडाच्या एका थानातला आणि मागचा दुसऱ्यातला. पुढून पोपटी, मागून मेंदी. या मात्र काकूंनी टेबलावर ठेवूच दिल्या नाहीत. "ह्या सांगूनसुद्धा विकायच्या नाहीत. नाव जातं." माझा चेहरा पडलेला बघून त्या म्हणाल्या, "दे इकडे. वालीवला माझी ओळख आहे. घेतील परत." आणि खरंच, आठवड्याने त्यांनी नऊ कुर्त्यांचे पैसे माझ्या हातावर आणून ठेवले. त्या पैशांतच थोडी भर घालून मी दुसरा लॉट उचलला. या वेळी काकूंना सोबत घेऊन.

पुढे माझं दुकान झालं. छोटंसं, पण माझं. आमची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली, तेव्हा काकांच्या दम्याला मोकळी हवा पाहिजे म्हणून ती दोघं भुईगावला एका वाडीत भाड्याने राहायला गेली. तुळिंज ते भुईगाव अंतर ते काय! पण दुकान, मुलीची शाळा, ह्यात मी दोन वर्षं गेले नाही. याची मला लाज वाटते आणि वाटायलाच पाहिजे.

शेवटी एका सोमवारी दुकान बंद ठेवून गेले. जाताना माझ्या दुकानातल्या सर्वांत चांगल्या चार कुर्त्या घेतल्या. घराच्या मालकीण मार्थाबाय अंगणात नारळ सोलत बसल्या होत्या. "ये बाय. सावंतीण विहिरीवर आहे," त्या म्हणाल्या.

काकू पाठमोऱ्या होत्या, मेंदी रंगाच्या कुर्तीत. मी हाक मारली. त्या वळल्या, आणि पुढून पोपटी होत्या.

मी तिथेच थबकले. दोरीवर बघितलं. एक बाही दुसरीपेक्षा लांब लोंबत होती. शेजारी वाकड्या गळ्याची. मागे पुन्हा एक दुरंगी.

"मी किती सांगितलं, टाकून दे म्हणून," मार्थाबाय मागून म्हणाल्या. "बाजारातसुद्धा हेच घालून जाते. लोक हसतात. तर म्हणते, आमच्या पोरीचा पहिला माल आहे."

"काकू, ह्या तर वालीवला परत घेतल्या होत्या ना?"

"लॉटचा माल कुणी परत घेतो का?" काकू बादलीत हात घालत म्हणाल्या. "तुला स्वतः त्याने सांगितलं होतं, तरी तुला खरं वाटलं. धन्य आहे."

"म्हणजे ते पैसे तुमचे होते."

"मग काय करणार? नऊ बुडाल्या म्हणून तू रडत बसली असतीस आणि दुसरा लॉट उचललाच नसतास. मी बघत होते ना तुला."

मी पिशवी पुढे केली. "आता तरी त्या टाका. ह्या घाला."

काकूंनी एक कुर्ती काढली, उलटी केली, शिवण ताणली आणि घडी घालून परत ठेवली. "ठेव आत. ह्या विरल्या की घालीन. पण विरतच नाहीत गं." त्यांनी स्वतःच्या अंगावरच्या कुर्तीचं टोक दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं. "किती वर्षं झाली, रोजच्या धुण्यात आहे, विहिरीचं पाणी आहे, तरी बघ. सूत हललेलं नाही. शिवण्यात फसलीस तू त्या वेळी. पण कापड तुला कळलं होतं."

एवढं बोलून त्या पुन्हा कपडे पिळायला लागल्या. मी विहिरीच्या कट्ट्यावर बसून रडत राहिले, आणि त्यांनी मला रडू दिलं.